सामना नेमका कुठे दिसणार? केबल, छत्री आणि ॲप यांत नव्याने पडणाऱ्यांसाठी

२०२५ च्या जूनमध्ये शुभमन गिलचा संघ पाच कसोटींसाठी इंग्लंडला गेला. टीव्हीवर ती मालिका सोनी स्पोर्ट्सच्या वाहिन्यांवर होती आणि मोबाइलवर मात्र जिओहॉटस्टारवर. टीव्हीवर सोनी दिसतंय म्हणून ज्यांनी सोनीलिव्हचे पैसे भरले, त्यांचे पैसे त्या मालिकेपुरते वाया गेले. एकाच सामन्याचे टीव्हीचे हक्क एकाकडे आणि इंटरनेटचे दुसऱ्याकडे असू शकतात, हे पैसे भरताना कोणी सांगत नाही. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुण्यातलं आमचं घर, सासरचं गावाकडचं घर आणि सोसायटीतल्या काही ज्येष्ठांचे टीव्ही, एवढ्या ठिकाणची ही जुळवाजुळव गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. नोकरीसाठी शहरात आलेले, नव्या घरात राहायला गेलेले, किंवा आईवडिलांसाठी पहिल्यांदाच सोय करणारे, असे तुम्ही कोणी असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा: आधी सामने ठरवा, मग ते कोणाकडे आहेत ते बघा आणि पैसे सगळ्यात शेवटी काढा. केबलवाला, दुकानदार आणि ॲप तिघेही हा क्रम उलटा करून घेतात. आधी पॅक गळ्यात पडतो आणि सामना त्यात नाही हे टॉसच्या वेळी कळतं.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याचं घर असेल तर भाडेकराराची प्रत.
- जो माणूस प्रत्यक्ष घरात टीव्ही बघणार आहे त्याचा मोबाइल नंबर. हे का महत्त्वाचं ते पाचव्या पायरीत येईल.
- जुनं कनेक्शन असेल तर सेट-टॉप बॉक्सचा व्हीसी नंबर (म्हणजे व्ह्यूइंग कार्डचा नंबर) किंवा ग्राहक क्रमांक आणि शेवटचं बिल.
- टीव्ही स्मार्ट आहे की साधा, त्याला एचडीएमआय पोर्ट आहे का, एवढी माहिती. टीव्हीच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढून ठेवला तरी पुरतं.
- नवीन कनेक्शनचा अर्ज भरलात तर त्याची प्रत मागून घ्या. बॉक्स विकत आहे, भाड्याने आहे की अनामत रकमेवर आहे, हे त्या अर्जावर लिहिलेलं असतं आणि बॉक्स परत करताना वाद त्याच्यावरूनच होतो.

## १. वर्षभरात खरंच काय बघणार, ते कागदावर लिहा

मोबाइलवर नको, कागदावरच लिहा आणि घरातल्या सगळ्यांना विचारून लिहा. आमच्याकडे सासऱ्यांना भारताचे सामने आणि कबड्डी हवी, मुलाला चॅम्पियन्स लीग आणि फॉर्म्युला वन, मला कसोटी आणि विम्बल्डन. हे लिहून काढलं की कळतं, की बाराही महिने लागतं असं फार थोडं आहे. आयपीएल मार्चअखेर ते मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत, विम्बल्डन जून-जुलैत दोन आठवडे, चॅम्पियन्स लीग सप्टेंबर ते मे. प्रत्येक नावापुढे महिने लिहा. पुढचे सगळे निर्णय याच कागदावरून होतात.

## २. प्रत्येक नावापुढे दोन रकाने करा: टीव्ही आणि ॲप

हक्कांचे करार काही वर्षांसाठी होतात. त्यामुळे कराराची मुदत माहीत असली की दर मालिकेला नव्याने शोधाशोध करावी लागत नाही. नेहमी लागणारे हे:

आयपीएल. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क जून २०२२ मध्ये एकूण ४८,३९० कोटी रुपयांना गेले. टीव्हीचे स्टारकडे आणि डिजिटलचे व्हायाकॉम १८ कडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही कंपन्या एकत्र येऊन जिओस्टार झाली. म्हणून आता टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स आणि इंटरनेटवर जिओहॉटस्टार.

भारतात होणाऱ्या भारताच्या मालिका. २०२३ ते २०२८ या काळाचे टीव्ही आणि डिजिटल दोन्ही हक्क व्हायाकॉम १८ ने ५,९६३ कोटींना घेतले, म्हणजे हेही आज त्याच घरात.

आयसीसीच्या स्पर्धा. २०२४ ते २०२७ स्टारकडे. आशिया चषक मात्र २०२४ पासून २०३१ पर्यंत सोनीकडे.

परदेश दौरे. इथेच फसगत होते, कारण दौऱ्याचे हक्क यजमान देशाचं मंडळ विकतं. ऑस्ट्रेलियात खेळताना स्टार, न्यूझीलंडमध्ये खेळताना सोनी. इंग्लंडचं उदाहरण वर दिलंच आहे. दौरा जाहीर झाला की संघ कोणाचा आहे हे विसरा, मैदान कोणाचं आहे ते बघा.

बाकीचं. प्रो कबड्डी स्टार आणि जिओहॉटस्टारवर. चॅम्पियन्स लीग २०२७ पर्यंत सोनीकडे. फॉर्म्युला वन फॅनकोडवर, आणि तिथे पूर्ण वर्गणी न भरता एकाच शर्यतीचा किंवा सामन्याचा पास घेता येतो, जे मला सगळ्यात न्याय्य वाटतं.

आणखी एक सवय लावून घ्या. मालिकेच्या आठवडाभर आधी वाहिनीच्या किंवा ॲपच्या स्वतःच्या पानावर वेळापत्रक बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘मोफत कुठे बघाल’ छाप यादी गेल्या वर्षीची असू शकते.

आयपीएलचं ॲप पूर्वी फुकट होतं, आता पैसे का, असा प्रश्न सोसायटीतले आजोबा मला दरवेळी विचारतात आणि तो रास्त आहे. २०२३ आणि २०२४ चं आयपीएल व्हायाकॉम १८ च्या जिओसिनेमा ॲपवर मोफत होतं. तो काळ लोकांना सवय लावण्याचा होता. कंपन्या एकत्र आल्या, स्पर्धक उरला नाही, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं आणि त्या वर्षीपासून आयपीएल पूर्ण बघायला वर्गणी लागू लागली. जे ४८ हजार कोटी मोजले गेले ते जाहिरातींतून आणि आपल्या खिशातूनच भरून निघणार आहेत. म्हणून दर पुन्हा खाली येतील या भरवशावर थांबू नका. आपला खर्च आपणच आवरायचा आहे.

## ३. केबल किंवा डीटीएचचं बिल वाचायला शिका

१ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या सरकारी नियामक संस्थेच्या नियमानुसार प्रत्येक पे चॅनलची किंमत स्वतंत्रपणे जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला हवं तेवढंच चॅनल सुटं घेता येतं. बिलाचे भाग तीन.

पहिला भाग नेटवर्क कपॅसिटी फीचा, म्हणजे चॅनल घरापर्यंत पोहोचवण्याचं भाडं. याची कमाल मर्यादा बरीच वर्षं १३० रुपये अधिक जीएसटी होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादा काढून टाकली. आता कंपनी आपला दर स्वतः ठरवते, म्हणून दोन ठिकाणी विचारल्याशिवाय हो म्हणू नका. दुसरा भाग सुट्या चॅनलच्या किंवा पॅकच्या किमतीचा. पॅकमध्ये घालायच्या चॅनलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिसरा भाग १८ टक्के जीएसटीचा.

हिशेब करून बघा. भाडं १३० रुपये आणि प्रत्येकी १९ रुपयांची दोन क्रीडावाहिन्या धरली, तर १६८ रुपये होतात आणि जीएसटीसह १९८ रुपये २४ पैसे. आता हातात आलेल्या ‘स्पोर्ट्स स्पेशल’ पॅकचा आकडा याच्याशेजारी ठेवा. बऱ्याचदा त्या पॅकमध्ये चार भाषांतली तीच वाहिनी, लहान मुलांची चार चॅनल आणि कधीही न लावलेलं संगीत चॅनल असतं. कधीकधी पॅक खरोखर स्वस्तही पडतो, कारण पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची मुभा आहे. बेरीज केल्याशिवाय ते कळत नाही.

लक्षात ठेवायच्या आणखी काही गोष्टी:

- नेटवर्क कपॅसिटी फीसाठी चॅनल मोजताना एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलइतकं धरलं जातं. टीव्ही छोटा किंवा जुना असेल तर एचडीचे पैसे भरण्यात अर्थ नाही.
- क्रमांक ९९९ चं चॅनल लावा. ग्राहकांसाठीची माहिती तिथे असते.
- घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याच्या बॉक्सवर क्रीडावाहिन्या हव्यातच का, हे स्वतंत्रपणे सांगा. न सांगितल्यास दोन्ही बॉक्सना तोच पॅक लागतो.
- वर्षाचं रिचार्ज एकदम भरण्याआधी पहिल्या पायरीतला कागद काढा. खेळ चार महिन्यांचे असतील तर बाकीचे आठ महिने ते चॅनल कशाला? सुटं चॅनल चालू केल्यावर ते किमान किती दिवस ठेवावं लागेल, हे मात्र आधी विचारून घ्या.

केबलवाल्याशी बोलताना ‘क्रिकेटचं सगळं टाका’ असं कधीही म्हणू नका. चॅनलचं पूर्ण नाव सांगा, म्हणजे स्टार स्पोर्ट्स १ हिंदी किंवा सोनी स्पोर्ट्स टेन ३, आणि ‘एवढंच सुटं लावा, बिल मेसेजवर पाठवा’ असं सांगा. माणूस ओळखीचा असतो, गणपतीची वर्गणीही त्याच्याकडून येते, म्हणून आपण संकोचतो. पण दर महिन्याचे पन्नास-शंभर रुपये या संकोचातच जातात.

## ४. छताची सोय असेल तर फ्री डिश लावाच

सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त समाधान देणारी ही गोष्ट आहे, आणि शहरात तिच्याबद्दल फार कमी जणांना माहिती आहे.

दूरदर्शनची डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, साधारण दीड ते अडीच हजार, आणि त्यानंतर दरमहा काहीही नाही. २००७ च्या एका कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांना प्रसार भारतीबरोबर, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेबरोबर, वाटून घ्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्या यादीत आहेत, तसंच ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धाही. म्हणजे भारताचा एकदिवसीय सामना दूरदर्शनवर फुकट बघायला मिळू शकतो.

पण एक मेख आहे. दूरदर्शन तर केबलवरही दिसतं, मग तिथेच बघू, असं वाटेल. तसं होत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे वाटून घेतलेलं प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या यंत्रणेवर, म्हणजे जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवता येईल, खाजगी केबल आणि डीटीएचवर नाही. त्यामुळे शेजारच्या घरात फ्री डिशवर सामना चालू असतो आणि त्याच वेळी तुमच्या केबलवरच्या दूरदर्शनवर दुसराच कार्यक्रम. यात बॉक्स बिघडलेला नाही आणि केबलवाल्याचाही काही दोष नाही. सामना बघायचा तर छत्री वेगळीच लागते.

काय मिळणार नाही तेही आधी समजून घ्या. आयपीएल या यादीत नाही. सगळ्या कसोटीही नाहीत, सरकार ज्यांना विशेष लोकहिताच्या ठरवेल तेवढ्याच. सासऱ्यांसाठी गावी फ्री डिश लावली तेव्हा हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं, आणि ते बरं झालं.

छत्री बसवताना मी शेजारी उभी होते, म्हणून थोडं तपशिलात सांगते. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पश्चिम महाराष्ट्रातून बघितलं तर ती दिशा आग्नेय येते आणि क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. म्हणून गच्चीवर उभं राहून आग्नेयेला बघा. टाकी, शेजारची इमारत किंवा आंब्याची वाढती फांदी मध्ये येते का? आज येत नसली तरी दोन पावसाळ्यांनी येईल का? गावाकडे कारागिराने छत्री आधी सोयीच्या भिंतीवर, नारळाच्या झावळ्यांच्या आड धरली होती. बॉक्समधल्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, एक तीव्रतेची आणि एक दर्जाची. तीव्रतेची पट्टी भरलेली आणि दर्जाची शून्यावर, असं दिसत होतं. याचा अर्थ वायर आणि एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) ठीक, पण छत्री त्या उपग्रहाकडे बघतच नाही. जागा बदलून तो छत्री बोटभर बोटभर सरकवत राहिला आणि एका क्षणी दर्जाची पट्टी एकदम उसळली. तिथेच नट आवळायला सांगा, आणि आवळल्यावर पट्टी पुन्हा बघा, कारण आवळताना छत्री किंचित हलते. कारागीर जाण्याआधी डीडी स्पोर्ट्स लावून दाखवायला सांगा.

बॉक्स एमपेग-४ प्रकारचाच घ्या. जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर काही चॅनल येत नाहीत. घरात जुन्या बंद डीटीएचची छत्री पडून असेल तर बहुतेकदा तीच चालते, फक्त दिशा बदलावी लागते. कोकणात असाल तर क्लॅम्प आणि नटबोल्ट गंज न धरणारे मागून घ्या. जोराच्या सरीत चित्र जातं, त्याला इलाज नाही. सर ओसरली की परत येतं, उगाच बॉक्सची बटणं दाबून सेटिंग बिघडवू नका.

प्रसार भारतीचं वेव्ह्ज नावाचं ॲपही आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात ते सुरू झालं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर दिसतात, पण वाटून घेतलेला भारताचा सामना तिथे दिसेलच असं धरून चालू नका.

## ५. ॲप घेताना चार प्रश्न विचारा

टीव्हीवर दिसेल का? जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा मोबाइल प्लॅन वर्षाला ४९९ रुपये, सुपर ८९९ आणि प्रीमियम १,४९९ होता. हे आकडे फेब्रुवारी २०२५ चे आहेत, पैसे भरण्याच्या दिवशी ॲपवरचा दर बघा. रचना महत्त्वाची: मोबाइल प्लॅन एकाच मोबाइलसाठी, सुपर दोन उपकरणांसाठी टीव्हीसह, प्रीमियम चार उपकरणांसाठी. सगळ्यात स्वस्त प्लॅन घेऊन तो टीव्हीवर लावायला बसणारी माणसं मी दर आयपीएलला बघते. मोबाइल रिचार्जबरोबर ‘मोफत’ मिळणाऱ्या वर्गणीतही हाच मुद्दा तपासा.

ओटीपी कोणाच्या फोनवर जाणार? मुलगा बंगळुरूत, खातं त्याच्या नंबरवर आणि आईवडील साताऱ्यात. ॲप आपोआप लॉगआउट झालं की ओटीपी बंगळुरूला जातो, तिथे मीटिंग चालू असते आणि इकडे विकेट पडत असतात. टीव्हीसमोर जो बसतो त्याच्याच नंबरवर खातं उघडा. पैसे तुम्ही भरले तरी चालतं.

आधीच कुठून मिळतंय का? ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये, मोबाइलच्या रिचार्जमध्ये किंवा डीटीएचच्या एकत्रित पॅकमध्ये ॲप असतं आणि लोक तेच वेगळे पैसे भरून परत घेतात. आधी या तिन्हींचे मेसेज उघडून वाचा.

इंटरनेट पुरेल का? फुल एचडीमध्ये तासाला साधारण दीड ते तीन जीबी लागतात. टी-ट्वेंटी सामना साडेतीन-चार तासांचा. रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जवर दुसरा डाव बघायला मिळणार नाही. घरी वाय-फाय नसेल आणि भारताचे सामने हेच मुख्य असेल, तर पुन्हा चौथी पायरी वाचा.

ॲपवरचं प्रक्षेपण केबलच्या मागे काही सेकंद धावतं. शेजारी षटकाराला ओरडतात तेव्हा तुमचा गोलंदाज अजून धावत येत असतो. त्यावर उपाय नाही. निदान सामना संपेपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुप बंद ठेवा.

ॲपचा एक फायदा मात्र मला मनापासून आवडतो, तो म्हणजे भाषेचा पर्याय. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं. केदार जाधव त्यात बोलत होता, आणि हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. आमच्या आजेसासूबाईंना क्रिकेटमधलं ‘पायचीत’ आणि ‘यष्टिचीत’ रेडिओमुळे पाठ होतं. टीव्हीवर तेच शब्द पुन्हा ऐकून त्या पूर्ण सामना बसल्या. सामना चालू असताना सेटिंगमध्ये भाषेचं बटण असतं, घरातल्या ज्येष्ठांना ते एकदा शांतपणे दाखवून ठेवा.

आणि चाचणी आदल्या दिवशी घ्या. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, पावसामुळे तोही उशिरा सुरू झाला. अशा दिवशी ऐन वेळी ॲप अपडेट मागतं, पासवर्ड आठवत नाही, पैसे अडकतात. आदल्या संध्याकाळी कुठलाही चालू सामना पाच मिनिटं टीव्हीवर लावून बघा.

## ६. चॅनल अचानक गायब झालं तर

१८ फेब्रुवारी २०२३. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस. सकाळी लाखो केबल ग्राहकांच्या टीव्हीवरून स्टार, सोनी आणि झीच्या वाहिन्या गेलेल्या. केबल कंपन्यांच्या महासंघाच्या म्हणण्यानुसार सुमारे साडेचार कोटी घरांना फटका बसला. घराघरांत बॉक्स बंद-चालू करणं, वायर हलवणं, केबलवाल्याला शिव्या देणं सुरू झालं. कारण मात्र वेगळंच होतं. ट्रायने नोव्हेंबर २०२२ मध्ये पॅकमधल्या चॅनलची मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर नेली, वाहिन्यांनी १ फेब्रुवारीपासून नवे दर लावले, महासंघातल्या केबल कंपन्यांनी ग्राहक तुटतील म्हणून नव्या करारावर सही केली नाही आणि वाहिन्यांनी सिग्नल तोडला. डीटीएच कंपन्यांनी सह्या केलेल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या ग्राहकांना काहीच जाणवलं नाही. आठवडा उलटायच्या आत तडजोड झाली आणि वाहिन्या परत आल्या. दिल्लीची कसोटी मात्र १९ तारखेलाच संपून गेली होती.

असं पुन्हा झालं तर या क्रमाने जा.

पहिलं, एकच चॅनल गेलंय की एका कंपनीची सगळीच, ते बघा. सगळीच गेली असतील तर बॉक्सला हात लावू नका, भांडण वरच्या पातळीवर आहे. एकच गेलं असेल तर रिचार्ज संपलंय का ते तपासा. दुसरं, पडद्यावरची पट्टी वाचायची सवय ठेवा. सिग्नल तोडण्याआधी तीन आठवड्यांची नोटीस द्यावी लागते आणि ग्राहकांनाही तशी सूचना दिली जाते. ‘अमुक तारखेनंतर ही वाहिनी उपलब्ध नसेल’ अशी पट्टी दिसली की तेव्हाच पर्याय शोधा. तिसरं, त्या रागात नवं कनेक्शन घेऊ नका. अशा वेळी डीटीएचचे विक्रेते दारोदार फिरतात, पण बसवण्याचा खर्च आणि सहा महिन्यांचं बंधन तुमच्या गळ्यात पडतं आणि भांडण चार दिवसांत मिटतं. तेवढ्या दिवसांसाठी ॲपची कमीत कमी मुदतीची वर्गणी किंवा फ्री डिश पुरते. चौथं, जितके दिवस चॅनल दिसलं नाही तितक्या दिवसांचे पैसे पुढच्या बिलात वळते करून मागा, आणि ही मागणी लेखी करा.

टेलिग्रामवरच्या चोरट्या लिंक आणि अनोळखी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायच्या फाइल) अशा वेळी खूप फिरतात. त्या घेऊ नका. ज्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे त्यात कुठली तरी फाइल उतरवून एक सामना बघणं फार महाग पडू शकतं.

## ७. वर्गणी बंद करायची तारीख त्याच दिवशी लिहा

ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली, असं होत नाही. यूपीआयवर दिलेली ऑटोपेची परवानगी तशीच राहते. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा विभाग असतो, तिथे जाऊन ती रद्द करा. गुगल प्लेवरून वर्गणी घेतली असेल तर ती प्लेच्या सबस्क्रिप्शनमधून रद्द होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. मी वर्गणी घेतल्याबरोबर ऑटोपे रद्द करते. भरलेल्या मुदतीपर्यंत ॲप साधारणपणे चालूच राहतं, तरी रद्द करण्याआधी तिथली अट वाचा.

## ८. परदेशी असाल तर

भारतातली वर्गणी परदेशात चालत नाही, कारण हक्क देशागणिक विकले जातात. अमेरिकेत क्रिकेटसाठी विलो हा चॅनल आहे, पण तो कोणत्या सेवेबरोबर घेता हे महत्त्वाचं. तिथेही भांडणं हीच: ३० ऑक्टोबर २०२५ ला यूट्यूब टीव्ही या तिथल्या चॅनल पुरवणाऱ्या सेवेवरून डिस्नीच्या ईएसपीएनसह सगळ्या वाहिन्या गेल्या आणि १४ नोव्हेंबरला परतल्या. तिकडे राहणाऱ्या नणंदेला मी हेच सांगितलं, की वर्षाचा करार टाळ आणि महिन्याचा घे.

## ९. तक्रार कशी करायची

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिथे पत्र लिहून वेळ घालवू नका. आधी कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागा. तो दिल्याशिवाय फोन ठेवू नका. केबलवाल्याला तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. केबल असेल तर त्याच्यामागे जी मोठी कंपनी आहे तिचं नाव बिलावर किंवा बॉक्सवर असतं, तक्रार तिच्याकडे करायची.

तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (न सुटलेल्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) डॉकेट नंबर, व्हीसी नंबर, बिलाचा फोटो आणि चॅनल गायब असलेल्या पडद्याचा तारखेसह फोटो पाठवा. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. मागणी एका वाक्यात लिहा: ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वाहिनी बंद होती, तेवढ्या दिवसांची रक्कम परत करावी.’ ॲपने पैसे कापले आणि वर्गणी चालू झाली नाही, तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडा. त्यानंतरही काही झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं, आणि फोन लावताना हे सगळे क्रमांक समोर कागदावर लिहिलेले असू द्या.